दुबईत एका दिवसासाठी लॅम्बोर्गिनी: भाडं नंतर, आधी डिपॉझिट विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि आठ वर्षांची मुलगी, डिसेंबरात पाच दिवस दुबईला येतंय. त्यातला एक दिवस लॅम्बोर्गिनी हुराकान भाड्याने घ्यायची आहे. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: ‘दिवसाला २,५०० दिरहम, डिपॉझिट नाही, फुल इन्शुरन्स’. जबल जैसच्या घाटात जायचं आहे. शारजात राहणारा मेहुणाही थोडा वेळ चालवीन म्हणतोय. खर्च किती येईल आणि काय सांभाळायचं?

मी दुबईत याच धंद्यात आहे. गाडी ग्राहकाच्या हातात देणं, परत आली की तिच्याभोवती टॉर्च घेऊन फिरणं आणि मग ओरखडा कुणाचा यावर हुज्जत घालणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे दुकानाच्या आतून काय दिसतं ते सांगतो. जाहिरातीवर शेवटी येतो, कारण तुमच्या बेतात जाहिरातीच्याही आधीची एक अडचण आहे.

हुराकानला दोनच सीटा असतात. मुलीला कुठे बसवणार? ‘पुढेच, आईच्या मांडीवर’ असं उत्तर देणारी मंडळी मला दर हंगामात भेटतात. इथे दहा वर्षांखालच्या किंवा १४५ सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही. ४०० दिरहम दंड आहे. दंडाचं सोडा, मांडीवर बसलेल्या मुलासमोर एअरबॅग उघडली तर काय होईल याचा विचार करा. म्हणजे हुराकान घेतलीत तर मुलगी आणि तिच्यासोबत तुमच्यातला एक जण नेहमी हॉटेलवर राहणार. ज्या दिवसासाठी एवढा खर्च करताय तो दिवस पाळीपाळीने जगायचा, हे मला पटत नाही.

मागे जागा असलेल्या गाड्या आहेत. लॅम्बोर्गिनीच हवी असेल तर उरुस घ्या. नाव तेच, आवाजही दमदार, आणि तिघं आरामात बसता. भाडं हुराकानच्या आसपासच, साधारण २,५०० ते ३,५०० दिरहम. छत उघडणारी हवी असेल तर फेरारी पोर्टोफिनोच्या मागच्या दोन सीटा मोठ्या माणसाला शिक्षा असल्या तरी आठ वर्षांच्या मुलीला चालतात. तिचंही भाडं याच पट्ट्यात. आणि माझं मत विचाराल तर पोर्शे ९११ कॅब्रिओले. १,००० ते १,६०० दिरहमांत मिळते, मागे मूल बसतं, घाटात चालवायला या सगळ्यांत शहाणी, आणि स्पीड ब्रेकरवर जीव मुठीत धरावा लागत नाही. फोटोत लॅम्बोर्गिनीइतकी भाव खाणार नाही, हे कबूल. मुलीसाठी बूस्टर सीट मात्र बुकिंग करतानाच मागून घ्या, ऐनवेळी मिळत नाही. आणि हे दर साधारण दिवसांचे समजा. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात ते चढतात आणि चांगल्या गाड्या आधीच गेलेल्या असतात.

आता कागद. पर्यटक व्हिसावर येणाऱ्या भारतीयाला इथे आपलं मूळ लायसन्स आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आरटीओकडून मिळतो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरायचा, फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका. परवाना नसताना गाडी देणारे महाभाग आहेत. देतील, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते आणि सगळं तुमच्या अंगावर येतं. वयाचं म्हणाल तर साध्या गाडीला २१ चालतं. अशा गाड्यांना बहुतेक ठिकाणी २५ पूर्ण लागतात.

दुसरी गोष्ट लोक गृहीतच धरत नाहीत. इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा अंदाज नेमका इथे चुकतो. आपण सवयीने लेनमध्ये उजवीकडे सरकतो आणि उजवं चाक फुटपाथच्या कडेला घासतं. परत आलेल्या गाड्यांची मी आधी उजवीकडची पुढची रिम बघतो, ती उगाच नाही. तेव्हा पहिल्या दिवशी एखादी साधी सेडान घ्या, शंभर-दीडशे दिरहमांत येते. दिवसभर चालवा, दोन-चार राउंडअबाउट फिरा, मॉलच्या पार्किंगचा उतार उतरा. मोठी गाडी तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. शेवटच्या दिवशी मुळीच नको. काही वाद झाला तर विमानाची वेळ तुमच्या बोकांडी बसलेली असते, आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं.

पैशाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे.

भाडं हा हिशेबातला सगळ्यात सरळ आकडा. २,५०० दिरहम, त्यावर ५ टक्के व्हॅट म्हणजे २,६२५. दिरहम साधारण २४ रुपयांना धरला तर ६३,००० रुपये झाले. यात काही गूढ नाही. गूढ सुरू होतं डिपॉझिटपासून. अशा गाड्यांना तीन ते पाच हजार दिरहम, कधी त्याहून जास्त डिपॉझिट असतं, आणि ते गाडी परत दिल्याबरोबर सुटत नाही. तीन ते चार आठवडे लागतात. यात लबाडी नाही. टोल आणि रडारचे, म्हणजे वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे, दंड गाडीच्या नावावर उशिराने चढतात, आणि तुम्ही तोवर पुण्यात पोहोचलेले असता.

पण डिपॉझिट कसं घेतलं हे बघा. एक पद्धत म्हणजे क्रेडिट कार्डावर रक्कम नुसती अडकवून ठेवायची, इकडे सगळे त्याला ब्लॉक म्हणतात. दुसरी म्हणजे सरळ कार्ड स्वाइप करून पैसे कापून घ्यायचे आणि नंतर परत पाठवायचे. पावतीवर दोन्ही सारखीच दिसतात, खिशाला मात्र नाहीत. भारतीय कार्डावर पैसे खरोखर कापले गेले की बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि वर जीएसटी. परतावा येतो तेव्हा त्या दिवसाच्या दराने येतो आणि शुल्क परत मिळेलच असं नाही. ५,००० दिरहमांच्या डिपॉझिटवर चार-पाच हजार रुपये असेच विरघळतात. म्हणून काउंटरवर स्पष्ट विचारा: ब्लॉक करणार की कापणार? आणि मशीनने ‘रुपयांत की दिरहमांत’ असं विचारलं तर दिरहम दाबा. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यातला दर तुमच्या बँकेचा नसतो.

डेबिट कार्ड आणि प्रीपेड फॉरेक्स कार्ड डिपॉझिटला बहुतेक चालत नाहीत. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. घरून निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा आणि मर्यादा वाढवून घ्या. वडिलांचं कार्ड घेऊन आलेला मुलगा आणि त्याच्या मागे काचेतून गाडीकडे बघणारे मित्र, हे दृश्य आमच्याकडे नेहमीचं आहे.

मग ‘डिपॉझिट नाही’ म्हणजे काय? तर डिपॉझिटऐवजी काही शे दिरहम जास्तीचे घेतात, आणि ते परत मिळत नाहीत. एका परीने बरं असतं, कारण कार्ड अडकत नाही आणि नंतरचा वाद टळतो. पण गाडीला काही झालं तर जबाबदारी सुटली असा याचा अर्थ होत नाही. करारावर तुमची सही आहे आणि पासपोर्टची प्रत त्यांच्याकडे आहे.

‘फुल इन्शुरन्स’ तर याहून फसवं. विमा असतो, कायद्यानेच असतो. पण अपघातात तुमची चूक ठरली तर दुरुस्तीचा पहिला ठरावीक भाग तुम्ही भरायचा असतो. त्याला एक्सेस म्हणतात. साध्या गाडीला हजार-दीड हजार दिरहम असतो, या गाड्यांना पाच-दहा हजार, कधी दुरुस्तीच्या रकमेची टक्केवारी. शिवाय टायर, रिम, काच, गाडीचं पोट आणि आतली चामड्याची सीट हे बहुतेक करारांत विम्याच्या बाहेर ठेवलेलं असतं. आता सांगा, पर्यटकाच्या हातून नेमकं काय बिघडतं? रिम आणि पोट. विमा बरोबर तिथे संपतो जिथे तुमचा धोका सुरू होतो. एक्सेसचा आकडा करारात छापलेला नसेल तर हाताने लिहून घ्या आणि त्यांची सही घ्या.

पोलिसांचा रिपोर्ट हा आणखी एक मुद्दा. संयुक्त अरब अमिरातीत पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला अपघाताच्या गाडीला हात लावत नाही आणि विमा कंपनी दाव्याला. त्यामुळे लहानसा धक्का लागला तरी ‘जाऊ द्या, मिटवू’ असं करू नका. कुणाला लागलं नसेल तर फोटो काढा, गाडी बाजूला घ्या आणि दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवर नोंद करा. कुणाला लागलं असेल तर ९९९. पार्किंगमध्ये कुणी ठोकून पळालं असेल तरीही रिपोर्ट घ्याच. तो कागद नसेल तर चूक कुणाचीही असो, भरपाई तुमची. दारूचं एका वाक्यात सांगतो: इथे घोटभरही चालत नाही आणि विमाही जातो.

गाडी ताब्यात घेतानाची दहा मिनिटं मात्र सावकाश घालवा. हॉटेलच्या दारात संध्याकाळी गाडी आणून देतो म्हणाले तर सकाळी उजेडात आणा म्हणा. पिवळ्या दिव्याखाली ओरखडे दिसत नाहीत. आधी मुल्किया बघा, म्हणजे गाडीचं नोंदणी कार्ड. त्यावरचं नाव करारावरच्या कंपनीचंच आहे ना? कुणा खाजगी माणसाची गाडी मधल्या मध्ये फिरवत असतील तर तिथूनच परत फिरा. मग मोबाइलवर एकसलग व्हिडिओ: चारही रिम अगदी जवळून, पुढच्या बंपरखाली मोबाइल घालून खालची कड, आरसे, काच, सीटा, मीटरवरचे किलोमीटर, पेट्रोलचा काटा. पुढच्या बंपरखाली कार्बन फायबरची जी पातळ पट्टी असते ना, तिला स्प्लिटर म्हणतात. आमच्याकडची निम्मी भांडणं त्या पट्टीवरून होतात. तिच्या खालच्या बाजूला आधीच घासलेलं असतं आणि वरून बघणाऱ्याला ती नवीकोरी वाटते. सापडलेला प्रत्येक ओरखडा करारावरच्या गाडीच्या चित्रात खूण करून घ्या. देणारा माणूस घाई करील, तुम्ही करू नका. परत देतानाही असाच व्हिडिओ त्याच्या समोर काढा आणि ‘गाडी ठीक मिळाली’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या.

त्याच माणसाकडून गाडी शिकूनही घ्या. लॅम्बोर्गिनीत स्टार्टचं बटण लाल झाकणाखाली असतं आणि पहिला गिअर उजवी पॅडल ओढून पडतो. ऐन चौकात हे आठवत बसायला नको. मोड साधाच ठेवा, कॉर्सा वगैरे ट्रॅकसाठी आहे. नाक उचलायचं बटण कुठे आहे ते आवर्जून विचारा. स्पीड ब्रेकर आणि तळघरातल्या पार्किंगच्या उताराआधी ते दाबायचं आणि नाक पूर्ण वर येईपर्यंत थांबायचं. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्या. पेट्रोल सुपर ९८ भरायचं. पंपावरच्या पोऱ्याला आकडा सांगा, नाहीतर तो सवयीने ९५ लावील. वॅलेला, म्हणजे हॉटेलच्या दारात चावी घेऊन गाडी लावून देणाऱ्याला, गाडी देणं शक्यतो टाळा, तिथे लागलेला ओरखडाही करारानुसार तुमच्याच नावावर येतो.

जबल जैस. घाट खरंच देखणा आहे, रस्ता रुंद आणि गुळगुळीत, वळणं वाचता येतात. आपल्या वरंध्याची सवय असलेल्याला तर चैन वाटेल. पण रास अल खैमा ओलांडून डोंगरावर जाऊन परत यायला तीनशे किलोमीटरच्या पुढे लागतात, आणि या गाड्यांना दिवसाला बहुधा २५० किलोमीटरचीच मुभा असते. वरच्या प्रत्येक किलोमीटरला १० ते ३० दिरहम. साठ किलोमीटर जास्त झाले आणि दर २० असला तर १,२०० दिरहम, म्हणजे जवळपास २९,००० रुपये. भाड्याच्या निम्म्याला टेकलं. म्हणून बुकिंग करतानाच ४०० किलोमीटरचं भाडं ठरवून घ्या, तेव्हा स्वस्तात मिळतं. पावसानंतर दरडी आल्या की घाट बंद ठेवतात, त्याचीही आदल्या दिवशी चौकशी करा. अल ऐनजवळचा जबल हफीत हा दुसरा पर्याय. तो अबुधाबी अमिरातीत येतो, आणि तिथे रडारचा नियम वेगळा आहे. दुबईत बोर्डावरच्या वेगापेक्षा २० किलोमीटरपर्यंत रडार सोडून देतं. अबुधाबीने ही सवलत २०१८ मध्येच काढून टाकली.

दंडाचे आकडे माहीत असलेले बरे. वेगमर्यादेपेक्षा ६० च्या वर गेलात तर २,००० दिरहम आणि गाडी ३० दिवस जप्त. ८० च्या वर गेलात तर ३,००० आणि ६० दिवस. सिग्नल तोडलात तर १,००० आणि ३० दिवस. पाच दिवसांसाठी आलेल्या माणसाला वाटतं, गाडी जप्त झाली तर माझं काय जातं? जातं हे: करारात लिहिलेलं असतं की जप्तीच्या प्रत्येक दिवसाचं भाडं ग्राहकाने द्यायचं. ३० गुणिले २,५०० म्हणजे ७५,००० दिरहम. शिवाय बेदरकार चालवण्यासाठी जप्त झालेली गाडी सोडवायला २०२३ च्या ३० क्रमांकाच्या फर्मानाप्रमाणे दुबईत ५०,००० दिरहम लागतात. सायलेन्सरचा कडकडाट करत रात्री वस्तीतून फिरणाऱ्यालाही २,००० दिरहम आहेत.

वेगाचीच हौस असेल तर त्यासाठी दुबई ऑटोड्रोम आहे, २००४ पासून. तिथे त्यांच्याच गाडीत, त्यांच्या प्रशिक्षकासोबत ट्रॅकवर चालवता येतं. अबुधाबीत यास मरीना सर्किटवरही मिळतं. भाड्याची गाडी ट्रॅकवर नेणं करारात मनाई असतं, वाळूत नेणंही. मला विचाराल तर ट्रॅकवरची वीस मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी घाटात ९११, यात हुराकानच्या एका दिवसापेक्षा जास्त गाडी चालवून होते. शेख झायेद रोडवर संध्याकाळी ६४० अश्वशक्तीची गाडी घेऊन टॅक्सीच्या मागे रांगत जाण्यात काही राम नाही.

टोलचं किरकोळ आहे. सालिकच्या कमानीखालून गेलं की आपोआप नोंद होते. गर्दीच्या वेळी ६ दिरहम, एरवी ४, रात्री एक ते सहा फुकट. कंपन्या वर दिरहम-दोन दिरहम लावतात, त्यावरून भांडू नका.

‘एवढ्यात मुंबईतच घेतली असती’ असं काहींना वाटतं. लग्नासाठी ड्रायव्हरसकट मिळते, तो धंदा वेगळा. स्वतः चालवायची असेल तर भारतात भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि त्यावर पिवळी अक्षरं लागतात. पांढऱ्या पाटीची स्पोर्ट्स कार कुणी भाड्याने देत असेल तर ती खाजगी गाडी आहे, आणि अपघातात विमा कंपनीला हात झटकायला तेवढं कारण पुरतं. शिवाय आपल्याकडचे स्पीड ब्रेकर.

मेहुण्याचं राहिलं. तो शारजाचा रहिवासी, म्हणजे त्याला इथलंच लायसन्स हवं. भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना त्याला चालत नाही. लायसन्स असेल तर करारात दुसरा चालक म्हणून त्याचं नाव घाला, थोडे पैसे पडतात. नाव न घालता पाच मिनिटांसाठीही चावी देऊ नका. घरातली माणसं यावरून रुसतात हे मला माहीत आहे. माझ्यावर ढकला.

आणि जाहिरातवाल्याला आजच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा: व्हॅट धरून एकूण किती? डिपॉझिट नसेल तर त्याऐवजी किती घेता? अपघातात माझा एक्सेस किती, आणि रिम, टायर, काच विम्यात आहेत का? दिवसाला किती किलोमीटर, पुढे काय दर? मुल्कियाचा फोटो पाठवा. आकड्यांत उत्तर आलं तर पुढे बोला. ‘सर, डोन्ट वरी, एव्हरीथिंग इन्क्लुडेड’ असं आलं तर दुसरं दुकान बघा, दुबईत कमी नाहीत.